बावन्नी: एका जुन्या सेस्नाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

पाहून आलो. सेस्ना १५२, बांधणी १९८० ची, म्हणजे माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. एका फ्लाइंग क्लबच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला लावून ठेवलेली. दोन पावसाळे जागेवरून हललेली नाही. टायर बसलेत, पंखांवर पारव्यांची रांगोळी. माझा भागीदार डॉक्टर म्हणाला, "पेशंट शुद्धीवर नाही, पण नाडी लागतीय."

इतकं जुनं कशाला, असं विचारणारे पुढे बरेच भेटणार, म्हणून उत्तर आत्ताच लिहून ठेवतो. दोन सीटचं, पंख डोक्यावर असलेलं, शिकाऊ पोरांनी आपटूनही टिकणारं हे विमान सेस्नाने १९७७ ते १९८५ एवढीच वर्षं बनवलं. साडेसात हजारांच्या वर बनवली. १९८६ ला कंपनीने एका इंजिनाच्या पिस्टन विमानांचं कामच थांबवलं. दहा वर्षांनी त्यांचं चार सीटचं १७२ परत आलं, १५२ आलं नाही. तेव्हा १५२ घ्यायचं तर ते जुनंच असणार. सुटे भाग मिळतात आणि दुरुस्तीची पुस्तकं तोंडपाठ असलेले लोक अजून कामावर आहेत, हे दोन गुण मला पुरे.

मी आणि डॉक्टर निम्मे-निम्मे. तो हाडांचा डॉक्टर, माझं लातूरला डिझेल पंप-नोझलचं वर्कशॉप. दोघांकडेही पीपीएल, म्हणजे खासगी विमान चालवायचा परवाना, आहे, आणि दोघांनीही घरी अजून काही सांगितलेलं नाही.

२४ नोव्हेंबर

इंजिनिअर साहेबांना घेऊन पुन्हा गेलो. साहेब एअर फोर्समधून निवृत्त, परवानाधारक एएमई, म्हणजे विमान देखभालीचे इंजिनिअर, बोलणं मोजकं. क्लबचा माणूस म्हणाला, "स्टार्टर मारून दाखवू का?" साहेबांनी किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. या लायकॉमिंग इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वरच्या अंगाला असतो. इंजिन उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल महिनाभरात खाली ओघळतं आणि उघड्या लोखंडाला गंज धरतो. तसल्या कॅमवर कोरडं इंजिन फिरवलं तर पाच मिनिटांत पाच वर्षांची झीज.

प्लग काढले, वरून तेल सोडलं, पुढचा पंखा, म्हणजे प्रॉपेलर, हाताने सावकाश फिरवून घेतला, मग कॉम्प्रेशन टेस्ट. ही मोटारसायकलच्या टेस्टसारखी नसते. सिलिंडरमध्ये ८० पौंडांच्या दाबाने हवा सोडायची आणि दुसऱ्या घड्याळात किती उरली ते वाचायचं. तेवढा वेळ एकाने पंखा घट्ट धरायचा. सुटला तर मनगट गेलंच. पहिला सिलिंडर ७६, दुसरा ७५, चौथा ७४. तिसरा ५७.

५७ म्हणजे हवा कुठून तरी पळतीय. कुठून, ते कानाने शोधायचं. तेल भरायच्या नळीशी कान लावला, शांत. म्हणजे रिंगा ठीक. कार्बोरेटरच्या तोंडाशी शांत. सायलेन्सरशी कान नेला तर प्रेशर कुकरची शिट्टी बसायच्या आधी होतो तसा बारीक फुसफुस आवाज. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

डॉक्टरने प्लगच्या भोकातून बोरस्कोप घातला. गुडघ्यात दुर्बीण घालण्यात हयात गेलेली, त्यामुळे आम्हाला अर्धा तास लागला असता ते त्याने दोन मिनिटांत पडद्यावर आणलं. चांगल्या व्हॉल्व्हवर मधून बाहेर सारख्या रंगाची वलयं दिसतात, नीट भाजलेल्या भाकरीसारखी. याची एक कड करपलेली. भाकरी तव्याच्या एका अंगाला राहिली की होते ना, अगदी तशी.

ठरलं: तिसरा सिलिंडर आमच्या खर्चाने उतरवायचा. उतरवला की त्या वाटेने कॅम दिसेल. कॅम खराब निघाला तर व्यवहार नाही.

२९ नोव्हेंबर

सिलिंडर उतरला. बॅटरी लावून कॅम पाहिला. दोन लोबवर चहाच्या डागासारखा रंग आहे, पण नख फिरवलं तर खड्डा लागत नाही. साहेब "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे आशीर्वादच.

४ डिसेंबर

घरी सांगावं लागलं. मी सांगितलं नाही, डॉक्टरच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलं.

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकेचाळीस वर्षं मार्केट यार्डात एका आडत दुकानाची दिवाणजीगिरी केली. विमान म्हटल्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. चष्मा पुसला आणि विचारलं, "वह्या आणल्यास का?"

विमानाच्या वह्या असतात हे त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. कदाचित ज्याची किंमत होते त्या प्रत्येक वस्तूची वही असतेच, असं ते धरून चालतात. असतातच. बॉडीची वेगळी, इंजिनाची वेगळी, शिवाय प्रत्येक उड्डाणाची. झेरॉक्सचा अडीचशे पानांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला आणि झोपायला गेलो.

रात्री दीडला उठून पाहतो तर ओट्यावरचा दिवा चालू, आण्णा लाल पेन्सिल घेऊन बसलेले. इंग्रजी त्यांना कामापुरतं येतं. पण ते शब्द वाचतच नव्हते. फक्त तासांचे रकाने बेरजा करत खाली उतरत होते.

"काय करायलात आण्णा इतक्या रात्री?"

"हे बघ. ह्या पानाच्या तळाला किती?"

१,१७४.३.

"आन् पुढच्या पानाच्या डोक्याला?"

१,१४७.३.

"सत्तावीसचा फरक. नऊने भाग जातो का?"

जातो. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नऊने भाग जातोच, हे प्रत्येक दिवाणजीला माहीत असतं. यार्डात ही चूक आठवड्याला एक सापडायची म्हणे. इथे बारा वर्षांपूर्वी कुणी तरी पान उलटलं, ७४ चे ४७ केले, आणि त्यापुढच्या प्रत्येक माणसाने त्याच चुकीत आपले तास मिळवले. एकानेही मागचं पान उलटून पाहिलं नाही. सह्या मात्र सगळ्यांच्या, शिक्के मारून.

म्हणजे वही म्हणते ओव्हरहॉलनंतर इंजिन १,३८८.६ तास चाललंय. खरे १,४१५.६.

५ डिसेंबर

साहेबांना सकाळी फोन केला. इंजिनाचे तास मोजणाऱ्या टॅकोमीटरचा आकडा आणि तो बसवल्याची जुनी नोंद ताडून त्यांनी तासाभराने उलट फोन केला. फरक बरोबर सत्तावीस.

सत्तावीस तासांत काय बिघडतं? इंजिनाचं म्हणाल तर फार नाही. या ओ-२३५ ला लायकॉमिंग ओव्हरहॉलपर्यंत २,४०० तास देते, त्यातले थोडे कमी झाले, इतकंच. पण प्लगला ठिणगी देणारे मॅग्नेटो ९१२.० ला दुरुस्त होऊन बसलेत आणि ते ५०० तासांनी उघडून तपासायचे असतात. वहीप्रमाणे ४७६.६ झालेत, म्हणजे अजून सवड आहे. खऱ्या हिशोबाने ५०३.६. मुदत उलटून गेलीय, आणि दोन वर्षं उभं राहण्याआधीची शेवटची उड्डाणं मुदतीबाहेरच झालीत. १०० तासांच्या तपासण्याही सगळ्या तेवढ्याच सरकलेल्या.

साहेब थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग."

११ डिसेंबर

क्लबच्या ऑफिसात बैठक. तिथल्या बाबूने झेरॉक्स पाहून "टायपिंग मिस्टेक" असं निदान केलं. वही हाताने लिहिलेली आहे. वाद घातला नाही. मॅग्नेटोचा खर्च किमतीतून वजा झाला. चूक खाडाखोड न करता, एक रेघ मारून, शेजारी खरा आकडा आणि सही अशी दुरुस्त व्हायची आहे. त्यांनी ती करून दिली, पण तीन चकरांनंतर.

किंमत लिहीत नाही. आण्णा आता सगळंच वाचायला लागलेत.

२८ डिसेंबर

उडवत आणायची तर खास परवाना लागतो, आणि एक सिलिंडर बाहेर असलेलं विमान तसंही उडत नाही. ट्रकने आणायचं ठरलं. पंखांचा पल्ला दहा मीटरच्या थोडा वर, तेव्हा दोन्ही उतरवले. शेपटीचे आडवे पंखही उतरवले, नाही तर ते फाळक्याच्या बाहेर जातात.

उतरवण्याची कृती वाचायला सोपी. टाकी रिकामी, एलेरॉनच्या केबली सैल करून सोडवा, फ्लॅपच्या सोडवा, वायरी, पेट्रोलची नळी, मग खालचा तिरपा टेकू, म्हणजे स्ट्रट, मग पंखाच्या आतल्या पुढच्या तुळईचा, म्हणजे स्पारचा, बोल्ट, मग मागचा. चौघे पंखाखाली खांदा देऊन उभे.

मागच्या बोल्टची एक गंमत आहे. तो ज्या दोन बुशांतून जातो त्यांचं भोक मध्यावर नसतं, एका अंगाला सरकलेलं असतं. बुश फिरवले की पंखाची मागची कड केसभर वर किंवा खाली होते. विमान एका बाजूला कलत असेल तर ते इथून सरळ करतात. म्हणून काढण्याआधी बुश कुठल्या बाजूला होते त्याची खूण करायची असते. मी पेंट पेनने दोन्ही पंखांना पांढऱ्या खुणा केल्या. फोटो काढले नाहीत. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतो.

३० डिसेंबर

रात्रभर ट्रकमध्ये. चहाच्या टपरीवर गर्दी. एकाने विचारलं, "फवारणीचं हाय का?" मी म्हणालो, नाही, माणसं बसतात. "मंग फवारायचं कशानं?" याला उत्तर नव्हतं.

लातूरला पोचलो सकाळी आठला, आणि उतरवून घ्यायला एक माणूस नाही. आज वेळ अमावस्या. हमाल, क्रेनवाला, माझ्या वर्कशॉपची पोरं, सगळे रानात. या दिवशी आमच्याकडे गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, हे लातूरचा असून मी विसरलो, याबद्दल बायकोने दिवसभर ऐकवलं. ट्रक शेडबाहेर उभा करून आम्हीही ड्रायव्हरला घेऊन शेतात गेलो. त्याने भज्जी, उंडे आणि आंबील यांना न्याय दिला आणि दुपारी ट्रकखालीच झोपला. उतरवणं उद्या.

१९ जानेवारी २०२५

कागद. मालकी बदलाचा अर्ज, विक्रीपत्र, विमा, क्लबची ना-हरकत, कर्जमुक्तीचा दाखला. १ जानेवारीपासून १९३४ चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झालाय, त्यामुळे एका कागदावर जुनं नाव आणि दुसऱ्यावर नवं. व्हीटी पासून सुरू होणारं नोंदणीचं अक्षर तेच राहतं, मालक बदलतो. घरात तिचं नाव मात्र "बावन्नी" पडलंय.

यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही. थांबणं लिहिता येत नाही.

१६ फेब्रुवारी

मॅग्नेटो मान्यताप्राप्त शॉपमधून परत आले. पॉइंट झिजलेले होते. आण्णांनी बिल फायलीला लावताना त्यावर लाल पेन्सिलीने "२७" लिहिलं.

तिसरा सिलिंडर नवा व्हॉल्व्ह आणि गाइडसह बसला. मी स्पॅनर चालवतो, साहेब शेजारी स्टूल टाकून बसतात, सही त्यांची. डिझेल पंपात मायक्रॉनशी खेळायची सवय आहे म्हणून मला वाटायचं हात बसलेला आहे. पहिल्या दिवशी लॉकवायर, म्हणजे नट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार, उलट्या बाजूने पिळली. नट सैल होताना वायर ताणली गेली पाहिजे, माझी ढिली पडत होती. साहेबांनी न बोलता कटर पुढे केला.

सीटच्या रेल्स बदलल्या. जुन्या सेस्नांचा हा जगजाहीर रोग. रेलमधल्या भोकांत सीटची खिट्टी अडकते. भोकं झिजून लांबट झाली की उड्डाणाच्या वेळी सीट सटकन मागे जाते, पायलट आधाराला जे हातात आहे ते धरतो, आणि हातात असतो तो कंट्रोल. नाक आभाळाकडे. यावर अमेरिकेची २०११-१०-०९ क्रमांकाची सक्तीची सूचना आहे, दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी तपासायची. आमच्या उजव्या रेलची दोन भोकं अंड्याच्या आकाराची झाली होती.

डाव्या पंखात उंदराचं घर. सोयाबीनच्या शेंगा, थोडा कापूस, टोकाच्या दिव्याची अर्धी वायर. शेंगा इथल्याच, म्हणजे भाडेकरू लातुरात आल्यावर घुसलाय.

९ मार्च

ईएलटीची नोंदणी. विमान आपटलं तर ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारणारी पेटी. तिचा पंधरा अक्षरांचा कोड बंगळुरूला इस्रोच्या केंद्रात नोंदवायचा, सोबत अडचणीच्या वेळी फोन करायचे नंबर. बायकोचा दिला, दुसरा आण्णांचा. आण्णा म्हणाले, "मला फोन आला तर मी काय करायचं?" मी म्हणालो, तुम्ही फक्त सांगायचं की मी खरंच उडायला गेलो होतो का वर्कशॉपात आहे. ते म्हणाले, "तू कुठं जायलास ते मला सांगून जातोस का कधी?" तेव्हापासून सांगून जातो.

२३ मार्च

पंख बसवायचा दिवस. पुसून स्वच्छ बसवावेत म्हणून आदल्या संध्याकाळी मी स्वतः सगळे जोड थिनरने पुसले. सकाळी बुश हातात घेतले. पांढऱ्या खुणा नाहीत.

खुणा मीच केल्या, मीच पुसल्या. साहेबांनी वर बघितलं, खाली बघितलं. "मध्यावर बसवू. उडाल्यावर विमान सांगेल."

घरी येऊन सांगितलं. आण्णा पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "झाली का तुझी पण सत्तावीस."

६ एप्रिल

वजन केलं. तीन काट्यांवर तीन चाकं. रिकामं ५२० किलो. कमाल मर्यादा ७५७. उरले २३७. मी ८२, डॉक्टर ९४, उरले ६१ किलो. ॲव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, लिटरला ०.७२ किलो, म्हणजे ८५ लिटर. टाक्यांत वापरता येईल असं ९२ लिटर मावतं. तात्पर्य, दोघे बसलो तर टाकी पूर्ण भरायची नाही आणि सोबत डबाही न्यायचा नाही. डॉक्टरने आजपासून भात सोडलाय. बघू.

१३ एप्रिल

इंजिन चालू केलं. चौथ्या फेरीला धरलं. १,७०० आरपीएमला मॅग्नेटो तपासले: उजव्यावर ९० ची घट, डाव्यावर ७५. मर्यादा १२५, आणि दोघांतला फरक ५० च्या आत. आठ मिनिटं चालवून बंद केलं, इंजिनावरचं झाकण उघडून बॅटरीने प्रत्येक जोड पाहिला. रॉकर कव्हरला एक थेंब. गॅस्केट.

धुण्याचा विषय निघाला. साहेब म्हणाले, पाइप लावून धुवा. शेडच्या वॉचमनने असा चेहरा केला की मी बादली आणि ओलं फडकं घेतलं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे गाव. इथे दोन बादल्यांत विमान पुसून होतं, आणि बरं होतं.

३ मे

उडाली.

सकाळी साडेसहा, २७ अंश. डाव्या सीटवर कॅप्टन, आमचे जुने इन्स्ट्रक्टर. मी उजवीकडे, गुडघ्यावर पॅड. एफआयसी आणि एडीसी, म्हणजे उड्डाणाच्या नोंदीचा आणि हवाई संरक्षणाच्या परवानगीचा, असे दोन्ही नंबर घेतलेले. सकाळच का, ते सांगतो. लातूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर. त्या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात. मे महिन्यात दुपारी ४१ असतं, म्हणजे ३० अंश जास्त. अंशाला १२० फूट या ढोबळ हिशोबाने ३,६०० फूट वाढले. विमानाच्या लेखी आपण ५,६०० फुटांवरच्या धावपट्टीवर उभे असतो. ११० घोड्यांचं इंजिन, त्यातले सगळे जागे नाहीत, आणि हवा पातळ. धावपट्टी लांब आहे म्हणून जमिनीवरून सुटाल, पण पुढे चढणार कशाच्या जोरावर?

सकाळी सुद्धा चढ मिनिटाला ४०० फुटांच्या आसपासच. खाली उसाचे हिरवे तुकडे आणि बाकी सगळं रान उघडं, काळं, नांगरलेलं.

३,५०० फुटांवर कॅप्टननी दोन्ही हात सोडले. डावा पंख सावकाश खाली. धरला, पुन्हा सोडला, पुन्हा डावाच. "डावं जड आहे," म्हणाले. आधी पेट्रोलवर संशय घेतला. १५२ मध्ये टाकी निवडायची सोय नाही, कॉक चालू किंवा बंद एवढंच, आणि दोन्ही टाक्या सारख्या रिकाम्या होतातच असं नाही. उतरल्यावर काडी घालून पाहिलं. दोन्हीकडे बरोबरी.

म्हणजे माझं थिनर.

८ मे

डाव्या पंखाचा मागचा बोल्ट. नट सैल करून दोन्ही बुश एकदम फिरवायचे. एकेक फिरवला तर दोघांतली भोकं एका रेषेत राहत नाहीत आणि बोल्टवर ओरखडा उठतो. साहेब एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, "हं" म्हटलं की दोघांनी थोडंसं. बुशाची जाड बाजू वर नेली की पंखाची मागची कड खाली येते, पंख हवेला जास्त तोंड देतो आणि जास्त उचलतो. किती फिरवलं? घड्याळाच्या काट्याने सांगायचं तर दहा मिनिटं. टॉर्क दिला. खूण पंचने केली, पेंटने नाही. फोटो सहा काढले.

११ मे

हात सोडले. एक, दोन, तीन करत कॅप्टननी चाळीसपर्यंत मोजलं. सरळ.

१४ जून

रोज एक जण विचारतो, साधं पेट्रोल का टाकत नाही. दीडशे वेळा सांगून झालंय म्हणून लिहितो. या इंजिनाचं कॉम्प्रेशन ८.५ ला १, त्याला १०० ऑक्टेनचं निळं ॲव्हगॅस लागतं. शिवाय पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, त्यात आपल्या उसाचंही. स्कूटरला चालेल. इथे ते जुन्या रबरी सीलना खातं आणि पाणी धरून ठेवतं. आडत बाजारातले लोक हे ऐकून नाराज होतात. उसाची बाजू घेतली नाही असं त्यांना वाटतं.

ॲव्हगॅस पूर्वी परदेशातून पिंपांत यायचं. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याला बनवते. आमच्यापर्यंत तरी ते पिंपातूनच येतं, आणि 'अ' वर्गाचं पेट्रोलियम असल्याने परवान्याशिवाय फार साठवता येत नाही. म्हणून जिथे मिळतं तिथे जाऊन भरणं, आणि त्यासाठी उडणं, आणि त्यात निम्मं जाळणं. आण्णांना हे गणित अजिबात पटलेलं नाही. तासाला २२-२३ लिटर.

२७ जुलै

पावसाची उघडीप, २४ अंश, हवा ओली. मुरूडच्या पुढे आरपीएम २,४०० वरून २,२५०. थ्रॉटलला हात लावलेला नाही. लातूरच्या माणसाला बर्फ आठवत नाही, हीच अडचण. कार्बोरेटरच्या गळ्यात हवा फुगते, पेट्रोल उडतं, आणि तिथलं तापमान वीस-पंचवीस अंशांनी सहज पडतं. दमट हवेत तिथे बर्फ धरतो. कार्बोरेटरला गरम हवा देणारी खिट्टी, कार्ब हीट, ओढली. आधी आणखी घसरलं, दोनदा खोकलं, मग पाणी पिऊन २,४०० ला आलं. ते खोकणं चार सेकंदांचं असेल. डॉक्टर शेजारी काही बोलला नाही, पण उतरल्यावर त्याने भात मागवला.

२१ ऑगस्ट

धावलो, वेगाचा काटा जागा झाला नाही. थ्रॉटल बंद, ब्रेक, परत. वेग मोजायला हवा घेणाऱ्या पिटो नळीत कुंभारीण माशीने चिखलाचं घर बांधलं होतं, आत दोन हिरव्या अळ्या साठवून. नळीचं कव्हर डॉक्टरने धुवायला घरी नेलं होतं. दोन दिवस. पोळा जवळ आलाय, त्याला म्हणालो, माझ्या खांदेमळणीच्या आधी तिचं कव्हर आण.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. वर्कशॉपच्या पोरांनी बावन्नीच्या पंख्याला झेंडूचा हार घातला, टॉर्क रेंचला कुंकू. साहेबांनी हात जोडले, प्रसाद घेतला आणि मग हार काढून फुलं मोजायला लावली. चाळीस होती म्हणे, अडतीस भरली. दोन कार्बोरेटरच्या जाळीशी सापडली. दोराही तपासला. नारळ शेडबाहेर फोडायचा, असा नियम पुढच्या वर्षीसाठी केलाय.

१२ ऑक्टोबर

लातूर ते नांदेड. अहमदपूर, लोहा, मग गोदावरी. पाऊण तास. सप्टेंबरच्या पावसाने जे झालं ते खालून पाहिलं होतं. वरून वेगळं दिसतं. मांजरेच्या काठची रानं नुसती पाण्याखाली नाहीत, माती खरडून गेलीय. काळ्याच्या जागी पिवळट मुरूम, जणू कुणी रंधा मारलाय. मध्येच सोयाबीनचे ढीग, काळे पडलेले. डॉक्टरचं रान मुरूडकडे. त्याने त्या बाजूला वळायला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

२ नोव्हेंबर

तेल बदललं. फिल्टर कापून, कागदाची घडी उलगडून चुंबक फिरवला. कॅममधून झडलेलं काही दिसतं का बघायला. काही नाही. तिसरा सिलिंडर ७५.

प्रॉपेलरला समोरच्या कडेला दाण्याएवढी ठेच, खड्याची. ती तशीच ठेवली तर तिथून चीर सुरू होते. साहेबांनी बारीक कानस घेऊन सपाट, लांबट केली. मला फक्त बघू दिलं.

१६ नोव्हेंबर

वर्ष झालं. आण्णांनी "बावन्नी खाते" नावाची लाल कापडी वही घातलीय. वर्षात ३३.५ तास. पेट्रोलचा खर्च सगळ्यांत लहान निघाला. विमा, शेडचं भाडं, तपासण्या, सुटे भाग हे उडो न उडो चालूच. त्यांनी एका तासाचा दर काढला आणि कागद उलटा ठेवला. "दोघांनी मिळून बघा," म्हणाले.

इंजिनाची वही पान भरत आली होती. तळाला बेरीज केली: १,४१५.६ अधिक ३३.५. पान उलटलं. आण्णांनी थांबवलं. नव्या पानाच्या डोक्याला आकडा लिहायला सांगितला, मग मागचं पान स्वतःच्या हातात धरून बसले.

"वाच."

"एक हजार चारशे एकोणपन्नास पूर्णांक एक."

"परत वाच. एकेक आकडा."

"एक, चार, चार, नऊ, टिंब, एक."

लाल पेन्सिलीने टिक केली.